केरबा नावाचं कारण

"नाव सांगा. आन का ते बी सांगा."

चाचांची आणि तुमची रस्त्यात पहिल्यांदा गाठ पडली असती, तर हे दोन प्रश्न तुमच्यावर आदळलेच असते. उजव्या हाताचा द्रोण करून तो कानामागं लावायचा, मान तिरकी करायची आणि समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघत राहायचं. तुम्ही पुटपुटलात, की लगेच, "न्हाय आयकू आलं!" त्यांचे कान अगदी ठणठणीत होते. पण नाव हळू सांगणारा माणूस त्यांना खपत नसे. "चोरून आनलंय व्हय नाव?" असं ते भर बाजारात विचारीत.

धंद्यानं ते पिंजारी. शिवाजी पेठेत आमच्या शाळेच्या मागच्या बोळात त्यांचं घर होतं. सकाळी खांद्यावर धनुकली टाकून निघायचे, घरोघरी गाद्यांचा कापूस पिंजायचे आणि दिवेलागणीला परत यायचे, तेव्हा भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या सगळं पांढरं झालेलं असे. मी त्या शाळेत मास्तर होतो. शाळा सुटायच्या वेळेला ते दारावरून जात आणि पोरं त्यांच्या मागं लागत. कापूस झटकायला मिळावा म्हणून त्यांच्यात भांडणं होत.

पण चाचांची खरी ओळख गादीमुळं नव्हती, गळ्यामुळं होती. महाराज सरकारांचं राज्य आणि कुस्तीचं वेड या दोन गोष्टी आमच्या कोल्हापुरात वेगळ्या काढताच येत नव्हत्या. मैदानाला हजारो माणूस जमायचं. एवढ्या गर्दीला कोणाची जोडी कोणाशी लागली आणि कोण जिंकलं, हे सांगायला एक माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे चाचा. हलगी थांबायची, चाचा आखाड्याच्या कडेला उभे राहायचे, छाती भरून घ्यायचे आणि पुकारा करायचे. आधी जोडीचा, मग निकालाचा. शेवटच्या पायरीवरचा माणूससुद्धा "काय म्हणाले?" असं शेजाऱ्याला विचारत नसे. माझं अक्षर बरं म्हणून जोड्यांची यादी लिहायचं काम माझ्याकडं आलं आणि आम्हा दोघांची जोडी जमली. मी लिहायचं, त्यांनी ओरडायचं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी एकदा वाचून दाखवली, की चाळीस जोड्या ओळीनं तोंडपाठ.

आणि नुसती नावं नव्हेत, त्यांची कारणंही पाठ! गादीच्या निमित्तानं हा माणूस घराघरात गेलेला. पाळण्यातल्या दुपट्याचा कापूसही त्यांनीच पिंजलेला. काम चालू असताना बायकांना विचारायचं, "पोराचं नाव काय? का?" कोण चैत्रात जोतिबाच्या यात्रेला झाला म्हणून जोती. कुणाच्या आईनं पीराला नवस केला म्हणून पिराजी. एखाद्याला स्वतःच्या नावाचं कारण ठाऊक नसलं, तर चाचा त्याला रस्त्यात थांबवून सांगत. अशा वेळी त्यांचा चेहरा बघायला हवा होता. कुणाची हरवलेली म्हैस शोधून दिल्यासारखा आनंद त्यांना व्हायचा.

त्या काळी माझ्या वर्गात सात केरबा होते. हसू नका. हजेरी घेताना "केरबा" म्हटलं, की सात पोरं एकदम "हजर" म्हणून ओरडायची. त्यात न आलेल्याचीही हजेरी लागून जायची. मग मी मोठा केरबा, काळा केरबा, तालमीजवळचा केरबा अशी वर्गवारी केली. शहरातून नव्यानं बदलून आलेले आमचे हेडमास्तर एकदा नाक मुरडून म्हणाले, "काय ही नावं! केर, कोंडा, धोंडा! आईबापांना दुसरं काही सुचत नाही का?" चाचा नेमके दारात उभे होते.

"सुचतंय की साहेब," ते म्हणाले. "पयल्या तिघांची सुचल्याली. ती गेली."

हेडमास्तर आपल्या खोलीकडं वळले. मलाही तोवर त्या नावाचं कारण नीटसं माहीत नव्हतं. ते मग चाचांनी वर्गाच्या उंबऱ्यावर बसून सांगितलं. एखाद्या बाईची ओळीनं मुलं जायला लागली, की पुढच्या बाळाला जन्मल्यावर सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. केरातच. शेजारची बाई आल्यासारखं करते, बाळ उचलते आणि आईला म्हणते, "हे मला केरात घावलंय. तू संभाळतीस काय?" आई म्हणते, "टाक हितं." झालं. ते पोर तिचं नाही, केरातलं आहे. नेणारा येतो, बघतो, आणि टाकून दिलेल्या वस्तूला कोण हात लावणार म्हणून निघून जातो. मुलगा झाला तर केरबा, मुलगी झाली तर केराबाई. मात्र त्यात एक अट असते. आईनं त्या पोराला चारचौघांत कधी 'माझा' म्हणायचं नाही. म्हटलं, की नेणाऱ्याला कळतं.

"सात केरबा हायती न्हवं तुमच्या वर्गात?" चाचा म्हणाले. "त्येंच्या मागं किती गेली, त्ये इच्यारा कवातरी."

मी विचारलं नाही. धीर झाला नाही. पण त्या दिवसापासून हजेरीला सात पोरं एकदम ओरडली, की मला बरं वाटायला लागलं.

आता पेठ वडगावच्या केरबाची गोष्ट सांगतो. हा केरबा माझा विद्यार्थी नव्हे. हा पैलवान. बावीस-तेवीस वर्षांचा, उंच, अबोल आणि अंगानं असा भरलेला, की दारातून आडवा व्हावा तेव्हा आत यायचा. कोल्हापुरात एका तालमीत राहायचा. त्याची आई हौसाबाई. चार मुलं गेल्यावर पाचवा हा. बायका मैदानात येत नसत; पण हौसाबाई केरबाच्या प्रत्येक कुस्तीला वडगावहून बैलगाडीनं यायची आणि बाहेर, टांगे उभे राहतात तिथं लिंबाच्या झाडाखाली बसून राहायची. भिंतीपलीकडून चाचांचा आवाज आला, की तिला सगळं कळायचं. कुणी विचारलंच, "तुमचा कोन हाय का आत?" तर म्हणायची, "न्हाय बा. आमच्याकडं एक केरातलं पोरगं हाय, त्ये आलंय."

एका वर्षीच्या मोठ्या मैदानाला केरबाची शेवटची, सगळ्यांत मोठी जोडी लागली. समोर पंजाबकडचा पैलवान. महाराज स्वतः बघणार. जिंकला तर सरकारी तालमीत जागा आणि खुराक. गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. माझ्या वर्गातले सातही केरबा मधल्या सुट्टीत शड्डू ठोकत हिंडायला लागले. मीसुद्धा, खोटं कशाला सांगू, घरी आरशासमोर एकदा ठोकून पाहिला.

मैदानाच्या दिवशी सकाळी केरबाचे वस्ताद माझ्याकडं आले. म्हणाले, "मास्तर, यादीत केरबा खोडा. प्रतापसिंह ल्ह्या."

"का हो?"

"समोर केवढं नाव! आन आमी काय सांगायचं? केर? महाराज सरकारांच्या म्होरं? आता काळ बदलला मास्तर. चांगल्या नावाशिवाय मान न्हाय."

मी खोडलं आणि लिहिलं. वस्तादांपुढं 'नाही' म्हणायची माझी छाती नव्हती. मग चाचांना यादी वाचून दाखवली. शेवटच्या जोडीला त्यांनी हात कानामागं नेला. "न्हाय आयकू आलं."

मी परत वाचलं.

"ह्यो कोन प्रतापसिंह?"

मी सांगितलं. एवढ्यात हौसाबाईच आली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. तिनं चाचांसमोर पदर पसरला. "चाचा, नाव बदलत्यात म्हनं. बदलूंद्या, पर आज नगं. आज एवढा दांडगा गडी म्होरं हाय, मान-बिन मोडली तर? त्येच्या नावानंच त्ये हितवर आलंय. आजचा दिस ऱ्हाऊंद्या की."

"मी केरबाच पुकारनार," चाचा म्हणाले. "तुमी जावा, झाडाखाली बसा."

वस्तादांना हे कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मैदानाच्या दारातच चाचांना अडवलं. त्यांच्याबरोबर एक नवा माणूस होता, त्याच्या हातात पत्र्याचा लांब कर्णा. तोंडाला लावून बोललं, की आवाज चौपट व्हायचा. "चाचा, तीस वर्सं पुकारलंत, मान हाय तुमचा," वस्ताद म्हणाले. "पर आज केरबा म्हनलात तर शेवटची कुस्ती सुटली, की पुढचा पुकारा ह्यो करील. आजपासनंच."

चाचा त्यांच्या बाजूनं वाट काढून आत गेले. आत आल्यावर मी त्यांना म्हटलं, "चाचा, कशाला वाकडेपणा घेता? मी बाहेर जाऊन हौसाबाईला समजावतो. नावात काय एवढं?"

"मास्तर, तुमास्नी माझं नाव ठावं हाय?"

मला ठाऊक होतं. पण सगळी पेठ चाचा म्हणायची, म्हणून कधी तोंडात आलं नव्हतं.

"आमच्या घरच्या बोलीत त्येचा अर्थ उकिरडा. अम्मीनं मला बी ठिवलतं. शेजारच्या माळनीनं उचाललं. साठ वर्सं झाली, त्यो नेणारा अजून हुडकतोय मला." आणि खो खो हसले.

संध्याकाळ झाली. जोड्या सुटत गेल्या. महाराज येऊन बसले. शेवटच्या जोडीला हलगी अशी कडकडली, की मागच्या पायरीवरची माणसंही उभी राहिली. केरबा तांबड्या मातीत उतरला, माती कपाळाला लावली. पलीकडून पंजाबचा पैलवान आला. खरं सांगतो, त्याला बघून मी मनातल्या मनात प्रतापसिंह, केरबा, दोन्ही नावांनी देवाचा धावा केला.

हलगी थांबली. चाचा पुढं झाले. पुकाऱ्याची रीत ठरलेली असे: गाव, तालीम, वस्ताद आणि शेवटी पैलवानाचं नाव. एवढंच. चाचांनी छाती भरली. मी बघतोय, त्यांचे डोळे पाण्यानं भरलेत, मिशा फुरफुरतायत, आणि आवाज निघाला तो असा:

"पेठ वडगावच्या हौसाबाईचा ल्योऽऽक! केरबाऽऽ पैलवाऽऽन!"

आईचं नाव! कुस्तीच्या पुकाऱ्यात बाईचं नाव कुणी कधी ऐकलं नव्हतं. असा कल्ला उसळला, की टोप्या आणि फेटे आभाळात गेले. मीही ओरडलो. आणि ओरडता ओरडताच मला ते शब्द नीट ऐकू आले. हौसाबाईचा ल्योक! बावीस वर्षं त्या बाईनं ज्याला 'माझा' म्हटलं नव्हतं, त्याला चाचांनी भर मैदानात तिचा करून टाकला होता. नाव राखायच्या भरात जे राखायचं होतं तेच उघडं पाडलं होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, तो आवाज लिंबाच्या झाडापर्यंत नक्की पोचला होता.

मी यादी टाकली आणि बाहेर पळालो. त्यामुळं कोल्हापुरात राहून, आखाड्याला खेटून बसायची जागा असून, मी ती कुस्ती पाहिली नाही. हे ऐकून लोक मला अजून वेड्यात काढतात.

हौसाबाई उभी होती. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता. "गुर्जी, त्येला कळलं की वो आता," ती म्हणाली.

"कोणाला?"

"नेणाऱ्याला." तिनं झाड घट्ट धरलं. "चाचांनी नावासकट सांगितलं. आता काय ऱ्हायलं?"

मी शिकलेला माणूस. असलं काही नसतं, असं वर्गात पोरांना सांगणारा. पण त्या क्षणी मीही झाडामागं कुणी उभं आहे का, ते बघून घेतलं. आत मैदान गरजलं. टांगेवाले भिंतीला कान लावून होते. एक ओरडला, "पट काढला!" कुणी कुणाचा काढला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मग "आऽऽ" असा एक लांब आवाज आला आणि सगळं शांत झालं. फार वेळ शांत. कुणीतरी खाली गेलं होतं. हौसाबाईनं डोळे मिटले. आतून एकच माणूस ओरडला, "ऊठ, केरबा, ऊठ!" म्हणजे खाली केरबा होता. मी तिचा हात धरला. परक्या बाईचा हात भर रस्त्यात धरलेला तो माझ्या आयुष्यातला एकच प्रसंग.

आणि मग भिंत फुटावी तसा आवाज झाला. हलग्या, शिट्ट्या, आरोळ्या, काही काही कळेना. आता निकालाचा पुकारा. रीतीप्रमाणं जिंकलेल्याचं नाव आधी. आम्ही दोघंही भिंतीजवळ सरकलो. गलका हळूहळू खाली बसला आणि चाचांचा आवाज भिंतीवरून आला, फाटलेला, घोगरा, पण चाचांचाच:

"केरबाऽऽऽ! घिस्सा माऽऽरून! चीऽऽतपट!"

टांगेवाले नाचायला लागले. एकानं आपल्या घोड्याचीच पापी घेतली. हौसाबाई मटकन खाली बसली, रडली, हसली, पदरानं तोंड पुसलं आणि परत रडली.

जरा वेळानं दारातून चाचा बाहेर आले. एकटेच. बक्षिसांचा पुकारा आत कर्णेवाला करत होता. वस्तादांनी शब्द पाळला होता. हौसाबाईला रडताना बघितलं आणि आपण काय करून बसलो, ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. एवढा दांडग्या आवाजाचा माणूस, एकदम बारीक झाला. दोन्ही कान धरले. "बाई, चुकलं माझं. भरात तोंडातनं गेलं. तुमचं नाव घ्यायचं न्हवतं."

हौसाबाई उठली. "त्यो जिता हाय न्हवं?"

"जिता? लोकांनी खांद्यावर घेतलाय त्येला!"

"मग कळलं तरी काय केलं नेणाऱ्यानं?" ती म्हणाली. हे बोलताना तिलाच नवल वाटत होतं. मग अगदी हळू, चोरी केल्यासारखं, ती म्हणाली, "माझा हाय त्यो."

चाचांचा हात कानामागं गेला. "न्हाय आयकू आलं."

"माझा हाय."

"न्हाय आयकू आलं बाई!"

"माझा ल्योक हाय त्यो!" हौसाबाई ओरडली. टांग्याची घोडी बुजली. "माझा हाय! केरातला न्हाय, माझा हाय! आयकलं का?"

"आयकलं!" चाचा म्हणाले. ते रडत होते आणि मिशीवरचा कापूस ओला झाला होता.

चाचांनी त्यानंतर मैदानात पुकारा केला नाही. कर्णा आला तो आलाच. मी एकदा वस्तादांकडं जाऊन रदबदली करायची भाषा काढली, तर चाचांनी मलाच झापलं. "असला पुकारा करून झाल्यावर आता आनि काय वरडू?" केरबा सरकारी तालमीत गेला, पुढं त्याचं लग्न झालं. पहिला मुलगा झाला, तेव्हा बारशाला चाचांना आणि मला वडगावला बोलावणं आलं. मुलाचं नाव हौसाबाईनं स्वतः ठेवलं. प्रताप. चाचांनी सवयीनं विचारलं, "का?" तर म्हातारी म्हणाली, "बरं वाटलं म्हनून." त्या उत्तरानं चाचा गाडीत बसल्यावरसुद्धा हसत होते.

पुढं महाराज सरकारांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि आमच्या शाळेत पोरं मावेनात. मी नावं लिहून घ्यायचो. विजय, प्रताप, यशवंत, वसंत. केरबा कमी होत चालले. सातांचे चार, चारांचे दोन. एका वर्षी पहिलीची सगळी नावं लिहून झाली आणि माझ्या लक्षात आलं, की एकही केरबा नाही. मला उगाचच चुकल्यासारखं वाटलं. शाळा सुटल्यावर मी चाचांकडं गेलो. कापसाचा बारीक धुरळा आयुष्यभर छातीत गेलेला. ते आता अंथरुणाला खिळले होते. आवाज तर पार गेला होता. बोलणं म्हणजे नुसती हवा. ती आमची शेवटची भेट ठरली.

मी म्हटलं, "चाचा, यंदा पहिलीत केरबा नाही. एकसुद्धा नाही. उकिरड्यावरची नावं संपत आली."

ते ताडकन उठून बसले. "एक बी न्हाय?"

"एकही नाही. फॅशन बदलली, दुसरं काय."

"फॅशन कुनाला सुचतीया मास्तर? जिची पोरं जगत्यात तिला!" त्यांचे डोळे असे चमकले, की मला मैदान आठवलं. त्यांनी छाती भरली, तोंड उघडलं, आणि खोकल्याशिवाय काही आलं नाही. मग त्यांनी मला दाराकडं ढकललं. खरंच ढकललं. "तुमी वरडा. बोळात जावा आन वरडा. सगळ्यास्नी कळूंदे."

मी वर्गाबाहेर कधी आवाज चढवला नव्हता. पण त्या तोंडाकडं बघून नाही म्हणवेना. बोळात उभा राहिलो, हातांचा कर्णा केला आणि ओरडलो, "औंदा पयलीत एक बी केरबा न्हाय होऽऽ!"

दारं उघडली. बायका, म्हातारे, पोरं, सगळे बाहेर आले. समोरची म्हातारी घाबरून विचारायला लागली, "काय झालं मास्तर? कोन गेलं?"

मी काही बोलायच्या आत आतून चाचांचा तो फाटका, हवेसारखा आवाज आला. ते हसत होते.

"सांगा तिला! कोन बी गेलं न्हाय म्हनावं! कोन बी न्हाय!"